गुलाबीत हिरवं ओतलं : कूलंटचा इतिहास, माझ्या एका चुकीच्या निमित्ताने



परवा आमच्या वस्तीवरचा एक पोरगा रिकामी बाटली घेऊन आला. म्हणाला, "काका, गाडीचं कूलंट कमी झालंय. ट्रॅक्टरचं हिरवं तुमच्याकडे असंल ना, थोडं द्या, तेच ओततो." मी नको म्हणालो. का नको, ते सांगायला उभ्या उभ्या पाच मिनिटं पुरली नाहीत. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, कूलंटची आहे, आणि जरा लांब आहे. पाऊस झालाय, वाफसा यायला अजून दोन दिवस आहेत, तेवढ्यात वाचून होईल.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. दोन वर्षांमागे जानेवारीत माझ्या पिकअपच्या कूलंटच्या बाटलीत पातळी खाली दिसली. गाडीत कंपनीचं गुलाबी होतं. घरात ट्रॅक्टरसाठी आणलेल्या हिरव्याच्या कॅनमध्ये लिटरभर शिल्लक होतं. मला वाटलं, कूलंट ते कूलंट, रंगाचं काय एवढं. ओतलं. पंधरा दिवसांनी पातळी पुन्हा खाली. तेव्हा बोअरचं पाणी ओतलं. मार्चमध्ये वाशीला द्राक्ष उतरवून परत येताना कसारा घाटात काटा लाल खुणेला टेकला आणि बोनेटमधून वाफ निघाली. गाडी टोचन लावून घरी आणली. दुसऱ्या दिवशी फिटरने खळ्यातच रेडिएटर खाली केला, तर पाणी कसलं, तपकिरी राबडी! खाली गाळ आणि मधे शेंबडासारख्या चिकट गाठी. फिटर म्हणाला, "काका, ह्याच्यात काय काय ओतलंय तुम्ही?"

रेडिएटर चोंदलेला, हेड गॅसकेट गेलेलं, हेडला बाक आलेला. एकूण एकतीस हजार रुपये. ते पुढच्या हंगामात भरून निघाले. दुसरं एक नुकसान झालं, ते भरून निघालं नाही. ते शेवटी सांगतो.

तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागे लागलो. फिटरला विचारलं, पार्टवाल्याला विचारलं, पुतण्या इंजिनिअर आहे त्याला विचारलं, रात्री मोबाईलवर वाचत बसलो. कळलं ते असं, की हिरवं, गुलाबी, केशरी ही भानगड कंपन्यांनी नुसती पैशासाठी केलेली नाही. प्रत्येक रंगामागं कुठल्या तरी मुलखाचं पाणी आहे आणि कुठला तरी धातू आहे. तो इतिहास कळला की गाडीत काय ओतायचं ते आपोआप कळतं.

पहिली लांब सफर, आणि ठिकठिकाणी पाणी

इंजिनात जे इंधन जळतं, त्याच्या उष्णतेतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला लागतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि तिसरा इंजिनाच्या धातूत मुरतो. हा मुरलेला हिस्सा सतत बाहेर काढला नाही तर पिस्टन चिकटतो. हे दुखणं मोटारीला जन्मापासूनचं आहे.

जर्मनीत मॅनहाइम गावच्या कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ ला आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटचा अर्ज दिला. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी असायचं, ते उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. म्हणजे चुलीवरच्या पातेल्यासारखं. आटलं की पुन्हा ओता.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था बेंझ, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ही गाडी चालवत मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. वाटेत विसलोख गावात औषधाच्या दुकानातून तिने इंधन घेतलं, ही गोष्ट बरेच जण सांगतात. पण तिला सगळ्यात जास्त वेळा थांबावं लागलं ते पाण्यासाठी. जिथं मिळेल तिथून पाणी घेत घेत ती गेली. म्हणजे मोटारीचा इतिहास जिथं सुरू होतो, तिथंच पाण्याची भर घालण्याचा इतिहासही सुरू होतो.

पाणी उडून न जाता तेच तेच फिरत राहावं, ही पुढची पायरी. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख ह्या माणसाने मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. हवा लागायला जागा जास्त मिळाली, म्हणून पाणी थोडं लागायला लागलं. १९०८ ला फोर्डची मॉडेल टी आली. त्यातल्या बहुतेक गाड्यांना पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि थंड झालेलं खाली उतरतं, तेवढ्यावर ती गाडी चालायची.

आपल्याकडच्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला तर एवढंही लागायचं नाही. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. पंपाच्या पाइपातूनच एक बारीक नळी इंजिनात जायची आणि दुसऱ्या बाजूने गरम पाणी पाटात पडायचं. थंडीत त्या पाण्यात आम्ही हातपाय शेकत बसायचो. ताजं पाणी आत, गरम पाणी बाहेर. त्यामुळं 'इंजिनात काय ओतायचं' हा प्रश्नच आमच्या वडिलांच्या पिढीला पडला नाही. पाणी ते पाणी. ती सवय आपल्या हाताला अजून आहे.

थंडीने फुटलेली इंजिनं

युरोप-अमेरिकेतल्या शेतकऱ्याची अडचण वेगळी होती. तिकडं हिवाळ्यात पाणी गोठतं. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण नऊ टक्के फुगतो, आणि त्या ताकदीपुढं बिडाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. निफाडला थंडीत पारा दोन-तीन अंशांवर आला की आपण बागेत शेकोट्या पेटवतो. तिकडं उणे वीस-पंचवीस असतं. तिथला माणूस रात्री रेडिएटर खाली करायचा आणि सकाळी गरम पाणी भरायचा.

ह्यावर लोकांनी काय काय करून पाहिलं! मीठ घातलं, कॅल्शियम क्लोराइड घातलं. पाणी गोठायचं थांबलं, पण धातू गंजून गेला. साखर घातली, मध घातला, घट्ट होऊन बसलं. ग्लिसरीन चाललं, पण महाग. सगळ्यात जास्त चाललं ते अल्कोहोल, त्यातही लाकडापासून काढलेलं मिथेनॉल. पण मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं आणि इंजिन चालतं त्याच्या बरंच वर. त्यामुळं ते वाफ होऊन उडून जायचं. संध्याकाळी भरलं की दोन दिवसांनी नुसतं पाणीच राहिलेलं, आणि मग एखाद्या रात्री ब्लॉक फुटायचा.

इथं इथिलीन ग्लायकॉल आलं. फ्रान्सच्या शार्ल-अदोल्फ वुर्ट्झ ह्या रसायनशास्त्रज्ञाने ते १८५६ मध्ये प्रथम बनवलं, पण सत्तर वर्षं मोटारीसाठी त्याचा विचार फारसा कुणी केला नाही. पहिल्या महायुद्धात ग्लिसरीनला पर्याय म्हणून ते स्फोटकांकडं वळलं. १९२५ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या साउथ चार्ल्सटन इथं त्याचा मोठा कारखाना उभा राहिला, युनियन कार्बाइडच्या घराण्यातला. १९२७ मध्ये त्यांनी 'प्रेस्टोन' नावाने ते मोटारींसाठी विकायला काढलं. हीच ती युनियन कार्बाइड, जिच्या एव्हरेडी सेलवर आपल्या बॅटऱ्या चालायच्या आणि जिचं नाव डिसेंबर १९८४ नंतर भोपाळमुळं सगळ्या देशाला कळलं.

ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, म्हणजे अल्कोहोलसारखं उडून जात नाही. पाण्यात निम्मं मिसळलं की ते मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. थंडीचा आणि उन्हाळ्याचा, दोन्ही प्रश्न एकाच डब्यात सुटले.

विमानवाल्यांनी शिकवलेला धडा

बरेच जण मला म्हणतात, "आम्ही पाणी अजिबात घालत नाही, शुद्ध कूलंटच भरतो." ही चूक दुसऱ्या महायुद्धाच्या आधी विमानवाल्यांनी करून पाहिलेली आहे.

रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, जे पुढं स्पिटफायर विमानात गाजलं, त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत शुद्ध ग्लायकॉल फिरवलं होतं. का, तर ते जास्त तापमानापर्यंत उकळत नाही. पण शुद्ध ग्लायकॉल गळायचं आणि गळालं की पेट घ्यायचं. आणि मुख्य गोष्ट, उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. एक किलो पाणी एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहा दशांशाहूनही कमी उष्णतेत एक किलो ग्लायकॉल तेवढंच तापतं. म्हणजे त्याची पाटी लहान. तेवढ्याच फेऱ्यांत माल कमी उचलला जातो. शेवटी त्यांनी ७० भाग पाणी आणि ३० भाग ग्लायकॉल घेतलं आणि सगळी यंत्रणा दाबाखाली बंद केली. इंजिन जास्त टिकलं आणि आगीची भीतीही गेली.

दाबाची हीच युक्ती आपल्या रेडिएटरच्या झाकणात आहे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. म्हणून गरम गाडीचं झाकण उघडू नका म्हणतात. दाब सुटला की शंभराच्या वर तापलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. आमच्या गावात एकाचा चेहरा असाच भाजलेला मी पाहिला आहे.

आपल्याकडं काय झालं

आपल्याकडं पाणी गोठत नाही, म्हणून 'अँटिफ्रीज' हा शब्दच आला नाही. जीप, अँबेसेडर, फियाट, मालट्रक, सगळ्यांत पाणीच. कसारा आणि बोरघाटात रस्त्याकडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि कॅनमधून पाणी ओतणारा क्लीनर, हे चित्र चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. ते भागून गेलं, कारण त्यातल्या बहुतेक इंजिनांचे ब्लॉक आणि हेड बिडाचे असायचे आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. जाड माल. गंजला तरी वर्षानुवर्षं चालायचा. चोंदला तर रेडिएटरवाला उकलून, सळई घालून साफ करून पुन्हा डाख द्यायचा.

पुढं गाड्या हलक्या झाल्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, नंतर नवनव्या गाड्या येत गेल्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं झालं, रेडिएटर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या झाल्या. आता बघा, एकाच पाण्यात अ‍ॅल्युमिनियम, बीड, पितळ, डाख असे वेगवेगळे धातू बुडालेले. त्यात क्षाराचं पाणी म्हणजे बॅटरीच झाली की! एक धातू दुसऱ्याला खातो, आणि बहुतेक वेळा खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम.

म्हणून आजच्या कूलंटमध्ये ग्लायकॉलपेक्षाही महत्त्वाचा माल म्हणजे गंजरोधक. तो टक्क्यांत थोडा असतो, पण सगळी भानगड त्याचीच आहे.

तीन मुलखांची तीन भांडणं

आता शेतकऱ्याला आणि कृषी सहायकांना लगेच कळेल असं सांगतो. ठिबकच्या टाकीत आपण कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० एकत्र टाकतो का? नाही टाकत. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की पांढरा साका होतो आणि ड्रिपर बंद पडतात. दोन्ही खतं आपापल्या जागी उत्तम, फक्त एका टाकीत चालत नाहीत.

कूलंटचं अगदी हेच आहे. युरोपात बऱ्याच भागात पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं. त्यात फॉस्फेटवालं कूलंट टाकलं की साका. म्हणून युरोपच्या गाडीवाल्यांनी फॉस्फेट काढून टाकलं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रक्षणासाठी सिलिकेट ठेवलं. जपानवाल्यांना सिलिकेटची अडचण वाटली, त्याने पाण्याच्या पंपाचं सील झिजतं असा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी सिलिकेट काढलं आणि फॉस्फेट ठेवलं. अमेरिकेत जुन्या हिरव्या कूलंटमध्ये सिलिकेटही होतं आणि फॉस्फेटही. तिन्ही बरोबर, आपापल्या पाण्यात आणि आपापल्या इंजिनात.

ही जुनी गंजरोधकं दोन-तीन वर्षांत संपतात. म्हणून १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर चालणारं कूलंट आलं. (हे 'सेंद्रिय' म्हणजे आपल्या सेंद्रिय शेतीतलं नव्हे, रसायनशास्त्रातलं.) अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ च्या मॉडेलांपासून 'डेक्स-कूल' नावाने केशरी रंगात ते भरायला सुरुवात केली. पाच वर्षं चालेल, असं सांगितलं. काही गाड्यांत मात्र गाळ झाल्याच्या आणि गॅसकेट गेल्याच्या तक्रारी आल्या, ग्राहक कोर्टात गेले आणि शेवटी तडजोड झाली. पातळी कमी राहून आत हवा शिरली की ह्या कूलंटचा त्रास वाढतो, असं त्यातून बऱ्याच जाणकारांनी सांगितलं.

युरोपात फोक्सवॅगनचंही असंच झालं. त्यांचं आधीचं जी-११ निळसर हिरवं, सिलिकेटवालं. नंतरचं जी-१२ लाल-गुलाबी, सेंद्रिय आम्लांचं. दोन्ही एकत्र झाली की तपकिरी राबडी व्हायची. माझ्या खळ्यात जी सांडली, तिचीच थोरली बहीण. पुढं कंपनीने जी-१२ प्लस काढलं, जांभळट, आणि ते जुन्यात मिसळलं तरी चालेल असं सांगितलं.

आता रंगाचं. ह्यातला प्रत्येक रंग कंपनीने स्वतः घातलेला आहे. ग्लायकॉलला स्वतःला रंग नसतो. गळती दिसावी म्हणून आणि आपला माल ओळखू यावा म्हणून रंग घालतात, आणि कुठल्या रंगात काय असावं असा जगभर पाळला जाणारा नियम नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं, तर दुसरीचं हिरवं नव्या पद्धतीचं असू शकतं. गुलाबीचंही तसंच. खताच्या गोणीचा रंग बघून एनपीके कळतं का? तसंच आहे हे. मी दोन रंग मिसळले, ही माझी खरी चूक नव्हती. डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही, ही चूक होती. एकाच रंगाचे दोन डबे मिसळूनही माझ्यावर हीच वेळ आली असती.

आणि मिसळलं की दर वेळी गाठी होतात असंही नाही. बऱ्याचदा डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त दोन्हीकडचे गंजरोधक कमजोर होतात आणि इंजिन आतून हळूहळू खाल्लं जातं. म्हणून फवारणीच्या औषधांची आपण बरणीत चाचणी घेतो, तशी इथं घेऊन भागत नाही. बरणीत स्वच्छ दिसलं म्हणजे चाललं असं समजू नका.

ट्रॅक्टरचं दुखणं निराळं

बऱ्याच ट्रॅक्टर आणि ट्रकच्या डिझेल इंजिनात लायनर थेट पाण्यात उभा असतो. त्याला वेट लायनर म्हणतात. इंजिन चालताना लायनर सारखा थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना धातूचा कण कण उडवतात. काही हजार तासांनी लायनरला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल दुधाळ झालं, असं आपण म्हणतो ते हे.

ह्यासाठी जड डिझेल इंजिनाच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखे वेगळे घटक घालत आले आहेत, काही नव्या कूलंटमध्ये त्याऐवजी दुसरे. ट्रॅक्टरचं कूलंट कारमध्ये आणि कारचं ट्रॅक्टरमध्ये चालेलच असं नाही, ते ह्यामुळं. आणि ट्रॅक्टरमध्ये नुसतं बोअरचं पाणी ओतणारा माणूस दर हंगामाला लायनरचं आयुष्य कमी करत असतो.

मग ओतायचं काय?

आता कामाचं. एवढ्या इतिहासातून मी माझ्यापुरते हे नियम केले आहेत.

१) गाडीचं पुस्तक उघडायचं. त्यात कूलंटचा प्रकार किंवा क्रमांक दिलेला असतो. तोच क्रमांक डब्यावर शोधायचा. आपल्या भारतीय मानकाचा क्रमांक आयएस ५७५९, जपानचा जेआयएस के २२३४, अमेरिकेचा कारसाठी एएसटीएम डी ३३०६ आणि जड डिझेलसाठी डी ६२१०. पण हे मानक पास होण्यापुरतं झालं. पुस्तकात कंपनीने स्वतःचा क्रमांक दिला असेल तर तो आधी.

२) डबा तयार मिश्रणाचा आहे की घट्ट, ते बघायचं. तयार असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट असेल तर पुस्तकातल्या प्रमाणात पाणी घालूनच ओतायचं. विमानवाल्यांची गोष्ट आठवा.

३) पाणी घालायचं ते डिस्टिल्ड, जे आपण बॅटरीला घालतो ते. बोअरचं नाही, विहिरीचं नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने ड्रिपर बंद पडतात, म्हणून आम्ही लाइनला अ‍ॅसिड सोडतो. तेच पाणी रेडिएटरच्या त्याहून बारीक नळ्यांत मी कसं ओतलं, ह्याचं मलाच आता नवल वाटतं.

४) गाडीत आधी काय आहे ते माहीत नसेल आणि पातळी थोडीच कमी असेल, तर कुठलंही अनोळखी कूलंट ओतण्यापेक्षा डिस्टिल्ड पाण्याची थोडी भर बरी. त्याने मिश्रण जरा पातळ होतं, पण भांडण लागत नाही. नंतर सवडीने सगळं खाली करून, धुऊन, एकच योग्य कूलंट भरून घ्यायचं आणि तारीख लिहून ठेवायची.

५) घाटात, रानात अडकलात आणि दुसरं काहीच नाही, तर पिण्याचं पाणी ओता, इंजिन वाचवा. पण आधी अर्धा-पाऊण तास गाडी गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकतं. आणि घरी आल्यावर ते पाणी काढून टाका, विसरू नका.

६) भर नेहमी गार इंजिनात, बाटलीच्या वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधे.

७) पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर ओतत बसू नका, शोधा. होजपाइप, पंप (गॅरेजवाले वॉटर बॉडी म्हणतात तो), रेडिएटरचा सांधा, झाकणाचं रबर, नाहीतर हेड गॅसकेट. बंद यंत्रणेतलं कूलंट सहसा आटत नाही, कुठून तरी जातं. माझ्या पिकअपला एक साधी क्लिप ढिली होती. ऐंशी रुपयांची. ती जानेवारीतच बघितली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

८) "गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाका" असा सल्ला बरेच जण देतात. काढू नका. इंजिन कायम थंड राहिलं की डिझेल जास्त जातं आणि झीजही वाढते. खराब झाला असेल तर नवा बसवा.

दुसरं नुकसान

फिटरने त्या दिवशी ती राबडी घमेल्यात काढली. निम्मं वर निवळ राहिलं होतं. मी म्हणालो, राहू द्या, उद्या कुठं तरी ओततो. घमेलं गोठ्याच्या भिंतीला तसंच राहिलं.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. हे मला माहीत नव्हतं. ह्याच घराण्यातलं डायइथिलीन ग्लायकॉल १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधात वापरलं गेलं आणि शंभरावर माणसं गेली, त्यानंतर तिथला औषधांचा कायदा कडक झाला. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये तेच भेसळलेलं निघालं आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांची चौकशी त्यावरच झाली. दोन्ही भावंडं शेवटी मूत्रपिंडावर जातात.

आमचा राजा, आठ वर्षांचा कुत्रा, रात्री पाय लटपटत आला. उलट्या करत होता, सारखं पाणी पीत होता. आम्हाला वाटलं, फवारणीचं काही चाटलं असेल. सकाळी जरा बरा दिसला म्हणून निवांत राहिलो. दुपारी पुन्हा आडवा झाला. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडीचं कूलंट कुठं सांडलंय का?" म्हणाले, पहिल्या काही तासांत आणला असता तर उपचार होता. मधे बरा दिसतो, तेव्हाच मूत्रपिंड जात असतं. तिसऱ्या दिवशी राजा गेला. आमच्या नातीने विचारलं, राजाने काय खाल्लं? मला सांगता आलं नाही.

घमेलं ज्या भिंतीला होतं, तिथून हातभर अंतरावर वासरू बांधलेलं होतं. नात तर दिवसभर तिथंच खेळत असते. तेव्हापासून काढलेलं कूलंट मी झाकणाच्या कॅनमध्ये भरतो, त्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहितो आणि गॅरेजला देऊन टाकतो. पाटात, उकिरड्यावर, उघड्यावर नाही. सांडलं तर भरपूर पाण्याने धुतो. कुणाच्या जनावराने चाटलं असा नुसता संशय आला तरी बरं दिसण्याची वाट बघू नका, त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या.

आता शेडमध्ये दोन कॅन आहेत. एकावर मार्करने 'पिकअप', दुसऱ्यावर 'ट्रॅक्टर' लिहिलंय, खाली क्रमांक आणि भरल्याची तारीख. फळी उंचावर आहे.

तो वस्तीवरचा पोरगा संध्याकाळी परत आला. गाडीचं पुस्तक घेऊनच आला होता. त्याच्या गाडीला माझ्याकडचं हिरवंही चालणारं नव्हतं आणि गुलाबीही. मी त्याला डिस्टिल्ड पाण्याची बाटली दिली. पाव लिटरसुद्धा लागलं नाही. मग आम्ही दोघांनी टॉर्च लावून होजपाइपच्या क्लिपा तपासल्या. एक ढिली निघाली.

तुमच्या गाडीचं पुस्तक बहुतेक डॅशबोर्डच्या खणात, पॅकिंग न फोडलेलं पडलेलं असेल. आज काढून बघा.